ऊर्मीचे प्रश्न

आवडी, चेन्नई
७ जुलै २०२४

ती. सौ. विद्युलताताईस, धाकट्या गजेंद्रचा सा. न. वि. वि.

फोनवर तुला नीट ऐकू येत नाही, म्हणून लिहितो. खडकीहून इथल्या कारखान्यात बदली होऊन दीड वर्ष झालं. सहाना आणि मी ठीक. ऊर्मीचं मात्र बिनसलंय. तिकडे वक्तृत्वात बक्षिसं आणणारी पोर इथे वर्गात तोंड उघडत नाही. तिच्या तमिळला मुली हसतात म्हणे. सकाळी पोट दुखतं, शाळा बुडते. डॉक्टरांना काही सापडलं नाही.

परवा एग्मोरच्या एका कॉलेजातल्या संयुक्ता मॅडम घरी आल्या होत्या. तंजावरच्या मराठी, बोलणं जुन्या वळणाचं. अमेरिकेत त्यांनी मेक्सिकोहून आलेल्या कुटुंबांतल्या मुलांच्या मानसिक आरोग्यावर काम केलंय. पद्धत अशी की मुलांना तपासायचं नाही. प्रश्न मुलांनीच ठरवायचे, मुलांनीच एकमेकांना विचारायचे. इथे परप्रांतातून आलेल्या बारा मुलांबरोबर त्यांना तेच करायचंय. ऊर्मीला जायचंय. पालकांच्या संमतीपत्रावर मी सही केलेली नाही. घरातलं बाहेर कशाला?

तुझे गुडघे काय म्हणतात? माया अशीच राहू दे.
गजेंद्र

मिरज
१५ जुलै २०२४

चि. गजेंद्रस, ताईचे अनेक आशीर्वाद.

गुडघे तुझ्यासारखेच, हट्टी. दीड वर्षात तुझ्या तोंडून 'ठीक' सोडून दुसरा शब्द ऐकला नाही. पोरगी गप्प राहायला कुणाकडून शिकली ते मला विचारू नकोस. ती आपणहून कुठे जायचं म्हणतेय, तर सही कर. घरातलं बाहेर जाईल ही भीती तुझी, तिची नव्हे.

सहानाला आशीर्वाद. खुशाली कळव, मला मनात ठेव.
ताई

आवडी
२५ ऑगस्ट २०२४

ती. सौ. ताईस, सा. न. वि. वि.

सही केली. पहिल्याच रविवारच्या बैठकीत मुलांनी मॅडमनी नमुन्यादाखल आणलेले छापील प्रश्न बाजूला ठेवले. 'उदास वाटतं का' असं विचारलं की सगळे नाहीच म्हणतात, हे ऊर्मीनेच मॅडमना सांगितलं. मग आईवडिलांनाही विचारायचं ठरलं.

गेल्या रविवारी ती वही घेऊन माझ्यासमोर बसली. इथे आल्यापासून तुम्ही काय करायचं सोडलंत, हा तिचा प्रश्न. मी 'काही नाही' म्हणालो. ती पेन धरून बसून राहिली. शेवटी सांगितलं, की कँटीनमध्ये सगळे हसतात तेव्हा कशाला हसतात ते कळत नाही, म्हणून मी स्टोअरमध्ये एकटा जेवतो. सहानालाही हे ठाऊक नव्हतं. ऊर्मीने ते लिहून घेतलं. मग वही मिटून म्हणाली, "बाबा, मी डबा जिन्याखाली खाते."



मॅडमच्या ओळखीच्या समुपदेशक बाईंकडे ती आता जाते. या आठवड्यात सहापैकी चार दिवस शाळेत गेली. उरलेल्या दोन दिवसांबद्दल मी विचारलं नाही. तिनेच सांगितलं.

तुझा लोभ आम्हा तिघांवर असू दे.
गजेंद्र