वाढीव पट्टीनं मापलेली गिटार

अहो,

तुमचा कान गेला नव्हता! एवढं सांगायला लिहायला बसले. शाळा चौथीतच सुटली, तवा अक्षराला हसू नका. तुम्ही गेल्यावर मी रडले, देवाशी भांडले, पण कागद काय हातात घेतला न्हाय. आज सकाळी रज्जाकभाई येऊन गेले आणि आता हे दुसऱ्या कुणाला सांगू?

तुमची हत्यारं गंजायला लागलीती. म्हटलं, फौंड्रीत तुमच्या शेजारच्या बाकावर लाकडी साचे करणारा माणूस, त्यालाच द्यावीत. त्यांनी पेटी उघडली आणि ती लोखंडी पट्टी उचलली.

"वहिनी, ही घरात कशी?"

"कारखाना बंद पडला तवा आणलीती त्यांनी. का?"

"गिटारीचं माप हिनंच घेतलंय का काय?"

मला काय ठावं! खुंटीवरची गिटार काढून दिली. त्यांनी दांड्यावर बोट दाबायच्या त्या आडव्या पडद्यांना पट्टी लावली, मग माझी शिलाईची टेप मागितली, तिनंही मापलं आणि तुमच्या फोटोकडं बघून म्हणाले,

"मिस्त्री, लेका, काय करून बसलास हे!"

मग मला समजावलं. ओतलेलं लोखंड गार झालं की आवळतं, म्हणून साचेवाल्यांची पट्टीच मुळात वाढीव असती, तिचा इंच खऱ्या इंचाहून जरासा मोठा. पडदे तुम्ही तिनं आखले. तारा टेकतात ती घोडी मात्र माझ्या टेपनं मापून चिकटवली. घोडी अर्ध्या बोटानं पुढं राहिली, म्हणून दांड्यावर बोट वर सरकलं की सूर हवा त्याहून चढा लागायचा. अहो, लाकूड कधी गार होऊन आवळतंय व्हय?

किती हौस तुम्हाला! बाजूच्या फळ्या आंघोळीच्या तापल्या बंबावर वाकवल्या आणि मी गार पाणी अंगावर घेतलं. तारांचा आवाज वायरीत उतरावा म्हणून लोहचुंबकाभोवती केसासारखी तांब्याची तार माझ्या शिलाई मशीनवर गुंडाळायला बसलासा. ती तुटली की माझ्यावरच ओरडायचासा! पलीकडच्या आक्का म्हणाल्या, "मिस्त्री, पोकळच ठेवलीय तर जोंधळं भरा की आत!" तुम्ही हसलासा. मला हसू येईना. कधी एकदा वाजतीय असं झालतं.

आणि वाजली. टेपरेकॉर्डरला वायर जोडली, तारा छेडल्या आणि तोंड कसं उजळलं तुमचं! मग बोट वर सरकलं आणि तोंडच उतरलं. तारा बदलल्या, पुन्हा तेच.

"भट्टीच्या आवाजानं कान गेला माझा."

"माप बघा की परत."

"माप माझं चुकत न्हाय."

काय तो ताठा! कान खरं सांगत होता, त्यालाच खोटं पाडलंत. गणपतीत ऑर्केस्ट्राची पोरं दरसालसारखी तुम्हाला वाजवायला बोलवायला आली तर दारातूनच म्हणालासा, "दुसरा बघा, मला आता सूर कळत न्हाय." ती गेली. मी आत भाकरी भाजत होते, ती करपली. नंतर रेडिओ लावला तरी "बंद कर" म्हणायचासा. मग छातीचं दुखणं आलं आणि गेलासा. मनात तेच धरून गेलासा! आता माझं कोण ऐकतंय?

रज्जाकभाईंनी गरम पाण्याच्या फडक्यानं सरस सोडवला, घोडी मागं सारली. तारा पिळल्या, वर बोट ठेवून एक छेडली.

"जुळलं का हो, वहिनी?"

मला विचारतात! मला आधीही तसंच ऐकू यायचं. "तुम्हाला काय वाटतंय?" मी म्हटलं. त्यांनी दोन्ही हात वर केले. सुरातलं त्यांनाही काय कळत न्हाय. या घरात कळणारे तुम्ही एकटेच. रज्जाकभाईंनी गिटार परत खुंटीला अडकवली. मग ते हत्यारं न घेताच गेले.

मी काय वचन देणार? गिटार वाजवीन म्हणाले तर खोटं हुईल. एवढंच करीन. तुमचा कान गेलता असं कुणी म्हटलं, तर त्याला उंबऱ्याच्या आत घेणार न्हाय. तुम्ही सोता आलासा आणि म्हणालासा, तरी न्हाय.

तुमचीच,
शालन