खिडक्या हरवलेलं घर

प्रिय ताई,

तुझा फोन हे पत्र त्याच्या त्या सपाट आवाजात तुला वाचून दाखवील, तेव्हा त्यात माझा आवाज तूच घाल. रागवायचं असलं तरी आधी शेवटपर्यंत ऐक. आपल्या लाडक्या म्हाताऱ्या दिग्दर्शकाचा नवा सिनेमा लागला आणि मी तुला न कळवता तो बघून आलो. कळवून काय होणार होतं? हॉस्पिटलच्या टेलिफोनवर नेमकी त्याच दिवशी तुझी ड्युटी निघाली असती. हल्ली सिनेमाचं नाव काढलं की तुझी ड्युटी निघतेच.

तुझ्या भावजयीला घेऊन गेलो. तिने थोडा वेळ डोळे मोठे करून पाहिलं आणि मग माझ्या खांद्यावर मान टाकून गाढ झोपली. तिचा दोष नाही, म्हाताऱ्याने या वेळी कहरच केलाय. वर्गात घोडा उभा असतो आणि कोणीच त्याबद्दल चकार शब्द काढत नाही, तो सिनेमा आठवतो ना? हा त्याच्याही पुढचा. एक बाई भाड्याच्या घरात राहायला येते. रोज सकाळी उठून पाहावं तर घरातली एक खिडकी नाहीशी. तिथे साधी भिंत, जशी काही खिडकी कधी नव्हतीच. बाई आरडाओरडा करत नाही, घरमालकाला बोलावत नाही. चहा करते आणि त्या कोऱ्या भिंतीवर पुन्हा पडदा लावते. आणि ताई, तो पडदा हलतो गं! मागे वारा नाही, खिडकी नाही, आणि पडदा हळूच फुगतो, खाली बसतो, पुन्हा फुगतो. माझ्या अंगावर काटा आला. लोकांच्या खिडक्या मोजून पडदे शिवण्यात माझा जन्म चाललाय, पण पडद्याची अशी भीती कधी वाटली नव्हती. कापड फिकट पिवळं, दुहेरी चुण्यांचं, खाली रुंद दुमड... बरं, राहू दे. कापड पुरे, बाईचं सांग, असं तू चिमटा काढून म्हणायचीस, ते तिथे बसल्या बसल्या ऐकू आलं.

कारण मी कुजबुजत होतो. उजवीकडे बायको झोपलेली, डावीकडची खुर्ची रिकामी, आणि मी त्या रिकाम्या खुर्चीकडे वाकून सांगतोय की आता ती उठली, आता तिने भिंतीला कान लावला. पुढच्या रांगेतल्या गृहस्थांनी वळून पाहिलं. वेडाच समजले असतील. तेव्हा मला मागच्या वेळचा तो माणूस आठवला, गप्प बसा नाहीतर घरी जा म्हणणारा. त्या दिवशी तू माझा दंड धरून घरापर्यंत चाललीस आणि दारात म्हणालीस की आता पुरे, माझ्यापायी तुझाही सिनेमा अर्धाच होतो. मी नाही, नाही अशी नुसती जोरजोरात मान हलवत राहिलो. एवढी वर्षं तुझे डोळे होऊन हिंडलो आणि ती मान तुला दिसत नाहीये हे माझ्या टाळक्यात आलं नाही. मी गप्प राहिलो म्हणजे मला कबूल आहे, असंच तुला वाटलं असणार. तू हात सोडलास आणि आत गेलीस.

शेवटची खिडकी गेल्यावर ती बाई दिवा मालवते, आणि मग सगळं काळं. खूप वेळ. नुसते आवाज. लोक चुळबुळ करायला लागले, मशीन बिघडलं समजून कोणी शिट्टी मारली. पाणी ओतल्याचा आवाज आला, खुर्ची सरकली, पावलं वाजली. ती एकटीच आहे की कोणी आलंय? ती हसली की रडली? मला काही म्हणजे काही कळलं नाही. आत काहीतरी फार सुंदर चाललंय आणि आपण बाहेर ताटकळत उभे आहोत, एवढंच वाटत राहिलं. नुसत्या पावलांवरून डॉक्टर ओळखणारी तू, तुला एका झटक्यात कळलं असतं.

म्हणून हे पत्र. त्या दिवशी जे तोंडातून निघालं नाही, ते आता ऐक. माझा सिनेमा तुझ्यामुळे कधीच अर्धा झाला नव्हता. तो आत्ता झाला. रविवारी दुपारी त्याचा शेवटचा खेळ आहे. तुला घेऊन जातो, असं मी म्हणत नाही. अर्ध्या वाटेपर्यंत मी सांगेन. पुढे अंधार आहे आणि मला त्यात काही दिसत नाही, ताई. तिथून तू मला घेऊन चल.

तुझाच,
बारक्या