होल्डवरची धून

ती. ताईस,

शिरसाष्टांग नमस्कार. (आठही अंगांनी नमस्कार आता कागदावरच जमतो, तेव्हा तो तिथेच गोड मानून घे.) तुझा गुडघा जिने चढू देतो का? भावोजी कानातलं यंत्र अजून खिशातच ठेवत असतील, तर माझा नमस्कार त्यांना जरा मोठ्याने सांग. आम्ही सारे ठीक आहोत. म्हणजे बाकीचे ठीक आहेत. मी परवापासून धक्क्यात आहे. कुणाला तरी सांगितल्याशिवाय तो ओसरायचा नाही.

तुला माहीतच आहे, मी अठ्ठावीस वर्षं संगीत कंपन्यांच्या संघाची कचेरी सांभाळते. कंपन्या सात, मालक सात आणि पदाधिकारीही सात (नुसता सभासद व्हायला कुणीच तयार नसल्यामुळे). बाजारातली बहुतेक गाणी या सातांच्या मालकीची. एवढी गाणी ज्यांच्या घरात, ती माणसं कशी हळवी असतील, असं मला नोकरी लागली तेव्हा वाटायचं. पहिल्याच सभेत त्यांनी पंख्याचा वेग किती ठेवायचा यावर मतदान घेतलं.

तर, तीन महिन्यांपूर्वी कचेरीत नवा टेलिफोन आला. समोरच्याला होल्डवर ठेवलं की त्याला संगीत ऐकू यावं, अशी त्यात सोय आहे. कुठलं, ते आपण ठरवायचं. ताई, पाच सभा झाल्या, ठरलं नाही. अध्यक्षांच्या कंपनीचं गाणं लावलं तर उपाध्यक्षबाई राजीनामा देणार, बाईंचं लावलं तर खजिनदार. एकदा तडजोड म्हणून प्रत्येकाचं दहा-दहा सेकंद लावायचं ठरलं, तर पहिलं कुणाचं यावरून सभा तहकूब झाली. (इतिवृत्तात मी ‘विचारांची मनमोकळी देवाणघेवाण झाली’ असं लिहिलं. अठ्ठावीस वर्षं हेच लिहिते आहे.) परिणाम असा, की संगीताच्या संघाला फोन करणाऱ्याला काहीच ऐकू यायचं नाही आणि लाइन तुटली समजून तो बिचारा फोन ठेवून द्यायचा.

परवा सहावी सभा. त्यांचं चाललं होतं, आणि मी कपाटापाशी पाठमोरी उभी राहून फायली लावत होते. हात कामात असले की मी गुणगुणते, तुला ठाऊक आहे. मागचे आवाज एकाएकी थांबले. आता बोलणी बसणार म्हणून वळून पाहते, तर सातही जण माझ्याकडे बघताहेत आणि खजिनदारांचं बिस्किट चहात विरघळून पडलंय, ते त्यांना कळलेलंही नाही. अध्यक्ष हलक्या आवाजात म्हणाले, “बाई, पुन्हा म्हणा पाहू.” मी म्हणून दाखवली. ताई, ती तुझी धून होती गं. शाळेतली.

पहिला धक्का हा, की एकमत झालं. हीच धून होल्डवर लावायची. दुसरा धक्का पुढच्या मिनिटाला: प्रत्येकाला आठवलं, की ती मुळात त्याचीच आहे. उपाध्यक्षबाईंनी तिथूनच आपल्या गोदामात फोन लावला, की शोधा, सापडेपर्यंत कुणी जेवायला उठायचं नाही. खजिनदार म्हणाले, त्यांच्या वडिलांनी काढलेल्या एका तबकडीच्या मागच्या बाजूला ही होती, पण ती तबकडी फुटली.

“अगदी सोयीची फुटली,” बाई म्हणाल्या.

“तुमच्या गोदामात सोयीची सापडेल, तशीच,” खजिनदार म्हणाले.

तेवढ्यात अध्यक्षांनी चष्मा काढला. ही अंगाई आहे म्हणाले, त्यांच्या आईची. धुनेत मधेच एक ठोका रिकामा जातो ना, त्या रिकाम्या जागी आई त्यांना थोपटायची. दोघातिघांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं असतं, पण मी आ वासून उभी होते. कारण ती जागा रिकामी का आहे, हे उभ्या जगात तुला आणि मलाच ठाऊक. शाळेच्या संगीताच्या खोलीतला तो खिडकीलगतचा पियानो, आणि त्याची ती एक मुकी पट्टी. सिस्टर म्हणायच्या, दुरुस्तीसाठी प्रार्थना करा. तू प्रार्थना केली नाहीस. ती पट्टी आली की बोट हवेत धरायचीस आणि पुढे जायचीस. चौदा वर्षांची होतीस. सिस्टरच्या चालण्यावर आणि त्यांच्या कमरेच्या किल्ल्यांवर बांधलेली धून, आणि आठवड्याभरात सगळं वसतिगृह ती गुणगुणत होतं, दात घासताना तोंडातल्या फेसासकट. त्या खोलीतला मेणाचा आणि ओल्या लाकडाचा वास मला अजून येतो. तुझ्या दोन वेण्या पाठीवर, आणि मी शेजारच्या स्टुलावर, पानं उलटायला. (समोर पानं नव्हतीच. तरी मी उलटायचे.)

वाद फारच वाढला, तेव्हा सभेला येऊन बसलेल्या संघाच्या वकिलांनी माझ्याकडे वळून विचारलं, “पण बाई, ही धून मुळात आहे कुणाची?” सगळ्या माना माझ्याकडे. मी एका शब्दात उत्तर दिलं आणि वाद मिटला. अध्यक्षांनी आईची आठवण तिथल्या तिथे मागे घेतली (इतिवृत्तात तशी नोंद आहे). येत्या गुरुवारी वकील कागद करून आणणार. त्यावर सही झाली, की धून कुणाची ते कायमचं नोंदलं जाईल.

घरी आल्यावर मी कितीतरी वेळ चपलाही काढल्या नाहीत. एवढी मोठी माणसं, एवढी गाणी पदरी, आणि दुसऱ्याची वस्तू डोळ्यांत पाणी आणून आपली म्हणताना जीभ जरासुद्धा अडखळत नाही, याचंच नवल करत बसले.

मुलांना आशीर्वाद. स्वतःला जप.

तुझी,
धाकटी

ता. क. ज्या वहीत तू ती धून उतरवली होतीस, ती अजून तुझ्याकडे आहे का? सहज विचारते आहे.

आणखी ता. क. सहज विचारत नाहीये. वही हरवली असावी, अशी मी परवापासून आशा करते आहे. वकिलांना मी सांगितलेला तो एक शब्द ‘माझी’ असा होता. ‘ताईची’ म्हणायलाच तोंड उघडलं होतं, खरं सांगते. पण अठ्ठावीस वर्षांत त्या खोलीत ‘चहा आला का’ यापलीकडे मला कुणी काही विचारलं नव्हतं. शब्द बाहेर पडला आणि सर्वांत मोठा धक्का मलाच बसला. त्यांनी टाळ्या वाजवल्या. मी मान लववून त्या घेतल्या. शाळेत सिस्टरनी हाच प्रश्न सगळ्या वर्गांना उभं-आडवं घेऊन विचारला होता, शिक्षेसाठी. तेव्हा तू उठून उभी राहिलीस आणि वर्षभर तुला पियानोची खोली बंद झाली. मी बाकावर बसून होते. ‘माझी’ म्हणायचं त्या दिवशी मला सुचलं नव्हतं.

शेवटचं ता. क. गुरुवारी अकराला, सहीच्या आधी, कचेरीत ये. लिफ्ट आहे. तुला काहीच बोलावं लागणार नाही. तू समोर असलीस की माझ्याने खोटं बोलवत नाही, एवढ्याचसाठी ये. तुझ्यासाठी खुर्ची धरून ठेवते. तू नुसती बस. या वेळी उभी मी राहते.