अनोळखी प्रोसेसर

९ जानेवारी

प्रिय वहिनी,

कशी आहेस? इकडे सगळे मजेत. आईचा गुडघा आता कुरकुरत नाही, त्यामुळे ती स्वतः जास्त कुरकुरते. दादा ठीक आहे. त्याच्याबद्दल एवढंच, बाकी मजकूर कामाचा आहे, घाबरू नकोस.

ईमेल सोडून हाताने का लिहितेय? कारण ईमेलला तू उत्तर देत नाहीस. कागद निदान फोडून तरी बघशील.

तर काम. ऑफिसात नवी मशीन्स आली आहेत. त्यांच्यावर आपला प्रोफायलर चालवला की तो ‘अनोळखी प्रोसेसर’ एवढंच बोलतो आणि तोंड फिरवतो. आत शिरून पाहिलं. भानगड अशी, की एका कंपनीने स्वतःचं डिझाइन दुसरीला दिलंय. आतली रचना तीच, मॉडेलचा आकडाही ओळखीचा. फक्त ‘तू कोणत्या कंपनीचा’ असं विचारलं की प्रोसेसर नवंच नाव सांगतो. आणि तुझा कोड आधी नाव विचारतो! नाव यादीत नसलं की बोलणंच खुंटलं. प्रोसेसरच्या आत मोजणी ठेवणारा कुठला काउंटर कुठे आहे हेच कळलं नाही, तर प्रोग्रॅम कुठे रेंगाळतोय ते प्रोफायलर मोजणार कसा?

मग मी काय केलं असेल, ओळख. हो, तेच. नवं नाव दिसलं तरी जुनंच समज, अशी एक ओळ टाकून दिली. सगळं सुरळीत चाललं. आमचे टीमप्रमुख खूश. (तू त्यांना ठेवलेलं ‘हेडमास्तर’ हे नाव अजून टिकून आहे.) मी ऐटीत चहा पिऊन आले, खुर्चीत बसले, आणि तुझा आवाज ऐकू आला: “चाललं म्हणजे बरोबर आहे, असं कोणी सांगितलं?” फार छळतेस तू.

शेवटी तू शिकवलंस तसं केलं. ज्याचं उत्तर आधीच ठाऊक आहे असा छोटा प्रोग्रॅम लिहिला आणि एकेक काउंटर त्याच्यावर लावून पाहिला. सगळे बरोबर निघाले, एक सोडून. हवी ती माहिती कॅशमध्ये, म्हणजे प्रोसेसरच्या हाताशी असलेल्या छोट्या मेमरीत, किती वेळा सापडली नाही, हे मोजणारा काउंटर शून्यावर ठाण मांडून बसला होता. नव्या कंपनीने त्याची जागा हलवली आहे. माझी ती एक ओळ तशीच बाहेर गेली असती, तर लोकांनी ते शून्य बघून स्वतःचीच पाठ थोपटून घेतली असती. आता त्या प्रोसेसरला यादीत स्वतंत्र नोंद दिली आहे. बाकी सारं जुन्याकडून घेतलंय, तो काउंटर त्याचा स्वतःचा.

हा बदल, म्हणजे पॅच, तुला पाठवलाय. प्रोसेसर ओळखणारा तो भाग अजून तुझ्याकडेच आहे. तू तपासून खाली नाव घातल्याशिवाय पॅच आत जात नाही. हेडमास्तर म्हणाले, “त्या उत्तरच देत नाहीत, तर यापुढे तुझंच नाव लावू या.” मी नको म्हटलं. चक्क भांडले त्यांच्याशी.

आणि इथेच पंचाईत झाली. तुझ्या नावाची ओळ आधीच तयार ठेवावी म्हटलं, तर आडनाव कोणतं लिहायचं ते कळेना. गेल्या महिन्यात तुम्ही दोघांनी घटस्फोटाच्या कागदांवर सह्या केल्यात. तू आमचं आडनाव ठेवलंस की टाकलंस, हे मला माहीत नाही. विचारायची हिंमत झाली नाही. आत्ता ‘वहिनी’ लिहितानाही हात अडखळला होता.

खरं सांगते. तुझं आणि दादाचं जमलं नाही, ते तुमचं तुम्ही बघून घेतलंत. मी कुणाचीही बाजू घेत नाही. पण तू घरातून गेलीस तेव्हा मला कोणी काही विचारलंच नाही. मला तुझी फार आठवण येते, वहिनी. तू माझी कोणीच उरली नाहीस, असं मला मान्य नाही.

येत्या रविवारी तुझ्याकडे यायचं म्हणतेय. लपूनछपून नाही, आईला सांगितलंय, दादालाही. तो म्हणाला, “जा. बरी आहे ना, ते बघून ये.”

येऊ का?

तुझी,
धाकटी

१२ जानेवारी

धाकटे,

पॅच वाचला. काउंटर एकेक करून तपासलेस, हे उत्तम केलंस. पण तू मॉडेलचा एकच आकडा धरला आहेस. उद्या त्यांनी दुसरं मॉडेल काढलं की पुन्हा बोंब. आणि कोडमधल्या कॉमेंटमध्ये ‘बहुतेक’ असं लिहिलंयस. ते काढ. मोजलंयस ना? मग बहुतेक कशाला?

ईमेल मी उघडतच नव्हते. कामाच्या मजकुरात मधेच घर निघेल, अशी धास्ती वाटायची. तुझ्या पत्रात निघालंच. वाचून रडले, मग तोंड धुऊन लॅपटॉप उघडला. फार दिवसांनी हात चालले गं. हेडमास्तरांना सांग, तो भाग माझ्याकडेच राहील.

माझ्या नावापुढे माहेरचं आडनाव लाव. आता तेच माझं.

रविवारी कशाला, शनिवारीच ये. राहायला ये. आईंना गुडघा जपायला सांग. आणि तुझ्या दादाला सांग, बरी आहे.

तुझी,
वहिनी