रेडिओवरचा रुमाल

मुळशी,
९ फेब्रुवारी १९७९

प्रिय गोजरा,

सप्रेम जयभीम. आम्ही बरे आहोत, गुडघे तेवढे कुरकुरतात. तू मेट्रन म्हणून निवृत्त झालीस, तरी पुण्याच्या दवाखान्यात अजून तुझाच शब्द चालतो म्हणे. ऐकून हसू आलं.

परवा नेऱ्याची माणसं माझ्या नातीला, जयाला, बघायला आली. तिच्या बापानं, माझ्या सोमनाथनं, ट्रंकेतला क्रोशाचा रुमाल काढून रेडिओवर पसरला. मिशनच्या शाळेत मडमेनं विणून घेतलेला, आठवतो? "चांगल्या गृहिणी व्हा," म्हणायची. स्वतः मात्र समुद्र ओलांडून एकटी आलेली, ना नवरा ना मूल, सायकलवरून गावोगाव हिंडायची! आपलं लक्ष विणण्यापेक्षा त्या सायकलकडेच.

माझं लग्न ह्याच रुमालावर जमलं होतं. सासूबाईंनी उलटासुलटा करून टाके बघितले होते.

मुलाच्या आईनं विचारलं, "पोरीनं इनलाय व्हय?"

"व्हय, तिनंच," सोमनाथ म्हणाला.

जया खाली मान घालून बसलेली. आदल्या दिवशी मला म्हणाली होती, "आजी, मला नर्स व्हायचंय. बाबांना तू सांग की." ह्या घरात बोलून बोलून थकलेय गं. पण ते खोटं कानावर पडलं आणि तोंडातून निघूनच गेलं, "मी इनलाय तो. तिला इनता येत न्हाई. तिला नर्स व्हायचंय."

माणसं चहा अर्धा ठेवून उठली. सोमनाथनं अबोला धरलाय. सून ताट पुढं सरकवते, तेवढंच. आता भूगावची माणसं यायची आहेत, त्यांच्यासाठी रुमाल धुऊन ठेवलाय.

खरं लिहायचं ते राहिलंच. मडमेनं नर्सिंगला आपल्या दोघींची नावं घातली होती. तू होस्टेलात माझ्यासाठी शेजारची खाट धरून बसलीस आणि मला बाप येऊन लग्नाला घेऊन गेला. तुझ्या पत्रांना मी उत्तर दिलं नाही. काय लिहिणार होते? संसार वाईट नव्हता. तरी तुझं नाव निघालं की अजून हेवा वाटतो.

सोमवारी जयाला पुण्याच्या एस.टी.त बसवून देतेय. सोमनाथला सांगितलेलं नाही. त्याचं जे होईल ते मी बघेन. दहावी झालेली पोर आहे, तुझ्या शब्दावर तिला घेतील.

रुमालही तिच्याबरोबर पाठवतेय. इथं राहिला तर पुन्हा रेडिओवर जाईल. भांडी पुसायला घे.

माझी खाट तिला दे.

तुझी, वाट बघायला लावून न आलेली,
लीला