परसातील टरबुजाची जागा मुलगी संगीता हिला देण्याबाबत

मी, मनकर्णा बद्रीनाथ नवले, वय ७१, निवृत्त अंगणवाडी मदतनीस, रा. नेकनूर, ता. जि. बीड. गुडघे धरतात, पण डोके जागेवर आहे. कोणी सांगितले म्हणून नव्हे, स्वतःच्या मर्जीने हे मृत्युपत्र करून ठेवते.

१. राहते घर मी माझ्या मानधनातून घेतले असून माझ्याच नावे आहे. पुढच्या दोन खोल्या मुलगा शिवशंकर यास द्याव्यात. मागची खोली, बोअर आणि संपूर्ण परस मुलगी संगीता हिला, कायम मालकी हक्काने.

२. कारण लिहिते, म्हणजे माझ्यामागे वाद नको. संगीताला नवऱ्याने घाटनांदूरहून माघारी धाडले, तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. शिवशंकर म्हणाला, "आई, हिला किती दिवस ठिवून घेणार हाईस?" मी संगीताच्या हातात टरबुजाचे बी दिले आणि तिला परसात नेले. दोघींनी आळी केली, शेणखत घातले. वेल पसरले तशी ती आपणहून पहाटे उठू लागली. मधमाश्या फिरकेनात, म्हणून नर फुले तोडून मादी फुलांना लावू लागली.

३. फळे मुठीएवढी झाली आणि दीर बबनराव यांनी आत शेळ्या सोडल्या. त्यांना तिथे कडब्यासाठी शेड टाकायचे होते. म्हणाले, "वैनी, परसात कुठं टरबूज येत असतंय व्हय? जागा मला द्या." मी बोलण्याआधी संगीता म्हणाली, "काका, शेळ्या बाहेर काढा. मी पुन्यांदा लावणार हाय." त्याच दिवशी लावले. उन्हाळ्यात पहिले टरबूज कापले, ते लालभडक निघाले. त्या दिवशी ती पोटभर जेवली.

४. सबब, परसावर शिवशंकर याने हक्क सांगू नये. बबनरावांनी माझ्या मातीला जरूर यावे, मात्र पुढच्या दाराने.

५. संगीताने दुसरे लग्न केले तरी जागा तिचीच, न केले तरी तिचीच. तिला "दिल्या घरी जा" असे कोणी म्हणू नये. मी तिला हे घर दिले आहे.

६. वेलांवर फळे असताना मी गेले, तर सुतक म्हणून पाणी तोडू नये.

सही करण्याआधी शिवशंकर यास बोलावून हे सर्व वाचून दाखवले. तो मग म्हणाला, "बोअरचा पाईप फुटलाय. नवा मी आणून देतो." त्याने जरूर आणावा. वरील मजकुरातला एकही शब्द बदललेला नाही.

सही: मनकर्णा बद्रीनाथ नवले

साक्षीदार, आमच्या समक्ष सही केली:
१) छबुबाई राधाकिशन काळे, शेजारीण
२) बंकट आबासाहेब शिंदे, किराणा दुकानदार

नेकनूर, दि. १२ मार्च २०२५