आमची नसलेली राने

मे सालू गाव,
८ फेब्रुवारी

चि. तॉने यास पॉवाताईचे अनेक आशीर्वाद.

उद्या शाळेची गाडी चियांगमाईला उतरतेय, तिच्याबरोबर मिरचीचं तिखट पाठवतेय. तुझ्या शहरी बायकोला ते झेपायचं नाही. तू एकटाच खा आणि रड. आपली डुकरीण व्याली, पिल्लं धट्टीकट्टी आहेत, तुझ्यासारखी रडकी नाहीत.

आता मूळ मुद्दा. यंदा ओढ्यापलीकडच्या रानात भात टाकायचा होता. सात वर्षं विसावलंय ते, झाडोरा चांगला वाढलाय. कोयते घेऊन गेलो तर वाटेत पाटी! सरकारच्या हरित डोंगर योजनेचे पहारेकरी म्हणाले, हे जंगल आहे, फांदी तोडलीत तरी आत टाकू. आपल्या सगळ्याच विसावलेल्या रानांवर पाट्या ठोकल्यात. कुणी ठरवलं विचारलं, तर म्हणे तुमच्याच श्वेकाकांनी. पावसाळा सरल्यावर मोजणी झाली तेव्हा गावप्रमुख म्हणून त्यांनीच सांगितलं, की ही जमीन आमची नाही.

अरे, मग काकांनी दुसरं काय सांगायचं? विसावलेल्या रानाला माझं म्हटलं की माती-पाण्याचा धनी रुसतो, हे आपल्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. कोण कुठं पेरतो ते गाव जाणतं, तोंडानं कुणी बोलत नाही. मोजणीच्या साहेबाला हे कुठून कळणार? पण त्या योजनेचा दुभाषा तर तूच होतास. तू समजावलं असशीलच, तोच विसरला असेल.

पुढच्या महिन्यात सुनावणी आहे. येऊन एवढंच सांग, की यांच्यात असंच बोलायची रीत आहे. एप्रिलात रान जाळलं नाही तर पेरणी नाही, आणि आपलं डोंगरी बी न पेरता ठेवलं तर दुसऱ्या वर्षी उगवत नाही. ते गेलं की गेलंच.

पोरीला माझा पापा. लोभ आहेच, तो काय नव्यानं मागायचा?

तुझी ताई

चियांगमाई,
१९ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

तिखट पोचलं. खाल्लं आणि रडलो.

ताई, काका जे बोलले तेच मी थाईत सांगितलं. दुभाष्यानं पदरचं घालायचं नसतं. घातलं असतं तर साहेब म्हणाले असते, हा आपल्या जातभाईंचीच बाजू घेतो. आणि इथं धूर किती झालाय ते तू बघितलेलं नाहीस. पोरगी खोकून खोकून बेजार आहे, आम्ही खिडक्या चिकटपट्टीनं बंद केल्यात. जो तो डोंगरवाल्यांना शिव्या घालतो. हा धूर खालच्या मक्याच्या रानांचा जास्त, हे मलाही कळतं गं. पण मकेवाल्यांना हात लावायची कुणाची टाप नाही, आणि माझी नोकरी अजून कायम व्हायचीय.

तरी तू म्हणतेस तर सुनावणीत सांगेन. शब्द देतो. काकांना नमस्कार. तुझी माया अशीच राहू दे.

तुझा
तॉने

मे सालू,
१४ एप्रिल

तॉने,

आशीर्वाद लिहायला हात उचलत नाही, म्हणून लिहिला नाही.

सुनावणीला तू आलास. इस्त्रीचा सदरा घालून साहेबांच्या शेजारी बसलास. त्यांनी पुन्हा विचारलं, जमीन कुणाची? काका त्यांचं नेहमीचंच बोलले आणि तुझ्याकडे बघत राहिले. सगळं गाव तुझ्या तोंडाकडे बघत होतं. तू तेवढंच थाईत सांगितलंस आणि पाणी प्यायलास. तुझ्यासाठी कोंबडी मारली होती, जेवायलाही थांबला नाहीस. परक्यानं असं केलं असतं तर शिव्या घालून मोकळी झाले असते. तू केसानं गळा कापलास रे, आणि तोही शब्द देऊन.

पाट्या तशाच राहिल्या, तरी आम्ही रान जाळलं. रीतीप्रमाणे भोवती पट्टा झाडून, सगळ्या गावानं मिळून. ठिणगी बाहेर गेली नाही. दुसऱ्या दिवशी पहारेकरी आले, कुणी पेटवलं म्हणून तरण्या पोरांना पकडायला लागले. तेव्हा श्वेकाका पुढं झाले आणि म्हणाले, "रान माझं आहे. मीच पेटवलं."

थाईत म्हणाले. तेवढं त्यांना येत होतं. बायकांनी तोंडात डोईचे रुमाल कोंबले. सत्तरी उलटलेला माणूस, जन्मात कधी असं बोलला नव्हता. पहारेकऱ्यांनी त्यांना गाडीत घालून नेलं. रानावर आता पहारा आहे, बी टोपलीतच आहे.

मी भेटायला गेले होते. खटल्यात दुभाषा लागेल म्हणतात. काका म्हणाले तॉनेला बोलव, घरचा पोरगा आहे, तो नीट सांगेल. त्यांना अजून तसंच वाटतं. मी हो म्हटलं आणि बाहेर येऊन शाळेतल्या नव्या मास्तरीणबाईंना विचारलं. त्या आपल्या नाहीत, आपली बोलीही मोडकीतोडकी बोलतात. त्या येणार आहेत. तू येऊ नकोस.

पॉवा